टाळूला लागणारी बाजू

माझी आत्या बोलता बोलता मध्येच निघून जायची. म्हणजे बसलेली असायची समोरच, हातात कपही असायचा, पण डोळे छताला लागलेले आणि तोंड किंचित उघडं. माझे वडील, तिचे थोरले भाऊ, तिला धुकेबाई म्हणत. "धुकेबाई, उतरा आता खाली," असं ते म्हणाले की ती दचकून चहाचा घोट घ्यायची आणि चहा केव्हाच गार झालेला असायचा. त्यात ती कामावरून यायची ती पांढरी होऊन. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, पायांवर चपलेच्या पट्ट्यांच्या खुणा. शेजारच्या पोरांची खात्री होती की ती पिठाच्या गिरणीत कामाला आहे, आणि तिने त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

ती होती मुलांच्या तोंडाच्या दवाखान्यात. दातांचा दवाखाना म्हटलं की तिला राग यायचा, आणि राग येण्यासारखी तिच्या जगात तेवढी एकच गोष्ट होती. दात काय, कुणालाही दिसतात, असं तिचं म्हणणं. दातांच्या आजूबाजूला जे मऊ, ओलं, गुलाबी असतं, ओठ, हिरड्या, गालाची आतली बाजू, जीभ, टाळू, त्याला कुणी विचारत नाही. आणि लहान मुलांचं दुखणं बरेचदा नेमकं तिथेच येऊन बसतं.

शाळा सुटली की मी कधीकधी तिच्याकडे जायची. बोळात बाकांवर मुलं बसलेली असत. कुणाच्या तोंडभर छाले, पाण्याचा घोटसुद्धा नको झालेला. कुणाच्या जिभेवर पांढरी बुरशी, आणि आई ती दुधाची साय समजून पुसत राहिलेली. कुणाची जीभ खालून जखडलेली, कुणाच्या जिभेखाली निळसर फुगा. मला नवल वाटायचं ते शांततेचं. रडायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की दुखतं, म्हणून ती मुलं नुसती डोळ्यांनी रडत. त्या बोळातून मी चपला हातात घेऊन जायची.

बोळाच्या टोकाला आत्याची खोली. मोठी खिडकी, खिडकीखाली दगडी ओटा, ओट्यावर रबरी वाट्या, आणि एका कोपऱ्यात मोटरवर फिरणारं कापडी चाक. भिंतीवर फळ्यांवर फळ्या आणि त्यांवर प्लास्टरच्या टाळू, उलट्या मांडलेल्या, शंभरेक तरी. डॉक्टरांनी मुलाच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, आत्याने त्यात प्लास्टर ओतायचं, की तोंडाचं छत जसंच्या तसं हातात यायचं. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ही गोष्ट मला तिने पहिल्यांदा हातात देऊन दाखवली तेव्हा मी घाबरून ते टाकणारच होते. ती म्हणाली, घाबरू नकोस, थोडा वेळ जिवंत असतं, मग निवतं. तिच्या तोंडी हे वेडगळ वाटायचं नाही, आणि मला तर अजूनही ते खरंच वाटतं.

त्या फळ्यांवरच्या बऱ्याच टाळूंना मधोमध फट होती. काही मुलं जन्मालाच तशी येतात, तोंडाचं छत सांधायचं राहून गेलेलं. अशा मुलाला चोखता येत नाही, भोक पडलेल्या नळीने सरबत ओढावं तसं होतं, आणि जे दूध आत जातं ते नाकावाटे बाहेर येतं. टाळू शिवता येते, पण त्यासाठी मूल जरा मोठं आणि अंगाने भरलेलं लागतं. तोवर दूध पिता यावं म्हणून ती फट झाकणारी एक पातळ गुलाबी प्लेट करतात, अंगठ्याच्या पेराएवढी. पुढच्या टोकाला भोक पाडून दोरा ओवतात, घशाकडे सरकली तर ओढून काढायला. मूल वाढलं की प्लेट घट्ट होते, की नवी. आत्याचा जन्म या प्लेटा करण्यात गेला.

तिच्या हाताखाली शिकाऊ मुली येत. त्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. प्लेटला दोन बाजू असतात. जिभेकडची ती पाठ, टाळूकडची ते पोट. पाठीला चाकावर धरून काचेसारखी चमक आणायची. पोटाला चाक लावायचं नाही. पोटावर त्या मुलाच्या टाळूची वळी न् वळी उमटलेली असते, त्या वळ्यांच्या जोरावर आणि लाळेच्या पातळ थरावर प्लेट वर चिकटून राहते. पोट घासलं की संपलं. एखादी मुलगी हौसेने दोन्ही बाजू चकचकीत करून आणायची, तेव्हा आत्या ती प्लेट तिच्या हातात परत द्यायची आणि म्हणायची, छान झाली, आता कानात घाल.

पण एक होतं. खूप वर्षांपूर्वी तिने केलेल्या एका प्लेटच्या पोटावर कण राहिला होता, रव्याच्या दाण्याहून बारीक. त्या बाळाच्या टाळूवर व्रण पडला. बाळाने पिणंच सोडलं. डॉक्टरांनी बॅटरी धरून आत्याला तो व्रण दाखवला होता, लालभडक आणि मध्ये पिवळा. बाळ पुढे बरं झालं, पण आत्याच्या मनातून तो व्रण कधी भरला नाही. तेव्हापासून ती प्रत्येक प्लेटच्या पोटावरून कापसाचा पुंजका हलकेच ओढायची. एखादा धागा अडकला की तिथे कण आहे. मग सुईच्या टोकाने तेवढाच कण काढायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आत्या तर पाणीही फुंकून प्यायची.

आणि तिचं ते स्वप्न. प्लास्टर घट्ट होईस्तोवर बसून राहावं लागतं, खिडकीतून दुपारचं ऊन येतं, चाक बंद असतं, तेव्हा स्टुलावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. स्वप्नात ती एका पांढऱ्या दालनात असायची. वर कमानीसारखं छत, छताला लाटांसारख्या वळ्या, पायाखाली मऊ आणि कोमट. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. काही दालनांचं छत मधोमध उघडं असायचं आणि तिथून वारा यायचा. मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, भीती कसली, तिथंच जरा मोकळं वाटतं. वडील म्हणाले, हिचं लग्न का झालं नाही ते आता कळलं, नवऱ्याला हिने पहिल्याच दिवशी तोंड उघडायला सांगितलं असतं. त्यावर आत्याच सगळ्यांत जास्त हसली.

मग मला मुलगी झाली.

बारकी, आम्ही तिला तेच म्हणायला लागलो, कारण ती होतीच तशी. दूध पाजायला घेतलं की ती धडपडायची, दमायची, आणि नाकातून दूध यायचं. सासूबाईंचं मत पडलं की मी मूल धरते तशी पिशवी धरतात. त्या वाईट नव्हत्या, त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाची तरी चूक काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी मूग गिळून बसायची आणि मूल वेगवेगळ्या तऱ्हांनी धरून बघायची. बाळंतपण झालं तिथे कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. फट पुढे नव्हती, मागे होती, आणि बारकीचं तोंड पुरतं उघडून कुणी पाहिलंच नव्हतं.

आत्या बघायला आली. तिने बारकीला मांडीवर घेतलं, आणि बारकीने जांभई दिली. आता आत्या वर बघणार, निघून जाणार, असं मला वाटलं. ती गेली नाही. जन्मात पहिल्यांदाच मी तिला पुरती इथे असलेली पाहिली. तिचा चेहरा इतका साधा झाला होता की मला ती अनोळखी वाटली.

"हिची टाळू मागे उघडी आहे," ती म्हणाली. "तुझ्या धरण्यात काही चूक नाही."

मी रडले ते आधी दुसऱ्या वाक्यासाठी. पहिलं वाक्य मला नंतर कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. प्लेट बसवू, दूध पोटात जाऊ दे, वजन भरलं की टाळू शिवू. वजन मात्र उतरता कामा नये. उतरतच राहिलं तर बारकीला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. तेवढं एकच मी घरी घेऊन आले, वजन उतरता कामा नये.

ठसा घ्यायला बारकीला उभं धरलं. डॉक्टरीणबाईंनी बोटावर मऊ लगदा घेऊन तिच्या टाळूवर दाबला. ती किंचाळत होती आणि त्या शांतपणे म्हणत होत्या की रडू दे, रडतेय म्हणजे श्वास चालू आहे. आत्या कधी ठसे घ्यायच्या खोलीत येत नसे, त्या दिवशी दारात उभी होती. ठसा घेऊन ती गेली. मी मागाहून गेले तर प्लास्टर ओतून झालं होतं, आणि ते गरम झालेलं प्लास्टर ती दोन्ही हातांत धरून बसली होती. पार निवेपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही.

प्लेट तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी ती बारकीच्या तोंडात बसवून बघितली, बोट काढून घेतलं तरी जागची हलली नाही. छान बसलीय, त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. पण बारकीने तोंड वेडंवाकडं केलं, अंग आखडून रडली. आत्या पुढे झाली.

"दे, कडा एकदा बघते," ती म्हणाली.

मी बाकावर बसून राहिले. बोळाच्या टोकाकडून चाकाची घरघर येत होती. घरघर थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. बराच वेळ. मग आत्या बाहेर आली आणि तिने माझ्या तळहातावर प्लेट ठेवली. पाण्याचा थेंब सांडावा तशी ती चमकत होती. इतकी सुंदर गोष्ट माझ्यासाठी कुणी केली नव्हती, असं मला वाटलं, आणि मी आत्याला तसं म्हणाले. ती लाजली.

घरी ती प्लेट राहिना.

बसवायची, धरून ठेवायची, बोट काढलं की घसरायची. बारकी दोनदा ओढायची की प्लेट जिभेवर. दोऱ्याने काढायची, धुवायची, पुन्हा बसवायची. नवरा म्हणाला चमच्याने बघू, तर चमच्यातलं निम्मं नाकातून. बारकी दमून दूध तोंडात तसंच ठेवून झोपायची, आणि मी तिच्या छातीकडे बघत राहायची. मला सगळ्यांचा राग यायचा. सासूबाईंचा, नवऱ्याचा, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या एवढ्याशा जिवाचासुद्धा. एवढं सगळे करतायत, तुला साधं प्यायला काय होतं?

आत्या कामावरून रोज यायची, पांढरी तशीच, आणि माझ्या समोर बसायची. प्लेट पडली की ती म्हणायची, सवय होईल. तिचा प्लेटवर विश्वास होता आणि माझा आत्यावर. त्यामुळे दोष उरला तो बारकीकडेच. तळहाताच्या फोडासारखं आम्ही त्या पोरीला जपत होतो आणि ती आमच्यासमोर वाळत चालली होती.

दवाखान्यात काट्यावर ठेवली तर वजन मागे गेलेलं. नळीचं डॉक्टरीणबाई बोलल्या नाहीत, पण त्यांनी वॉर्डातल्या बाईला खुणेनं थांबवून ठेवलं, ते मला दिसलं. मग त्यांनी प्लेट मागितली. आत्या माझ्या शेजारी उभी होती, एक शिकाऊ मुलगी ट्रे घेऊन मागे. डॉक्टरीणबाईंनी प्लेट खिडकीकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दोन्हीकडून ऊन परतून येत होतं.

त्या शिकाऊ मुलीकडे बघून म्हणाल्या, "पोटाला पॉलिश? हे कोणी केलं?"

मुलगी आत्याकडे बघायला लागली आणि मग पटकन ट्रेकडे बघायला लागली.

"मी केलं," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते खरं वाटेना. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही करणार असं. आत्याने हात पुढे केला, प्लेट घेतली आणि करंगळीचं टोक पोटावरून फिरवलं. एकही वळी लागली नाही. सगळ्या वळ्या तिने स्वतःच पुसल्या होत्या. टोचू नये म्हणून आणखी थोडं, व्रण पडू नये म्हणून आणखी थोडं. पोरींना ज्यासाठी ती आयुष्यभर हसली, ते तिने माझ्या मुलीसाठी केलं होतं, आणि केलं हे तिला कळलंही नव्हतं. मी तिच्यावर चिडायला हवं होतं. मला तिची एवढी माया आली की चिडायला जागाच उरली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत मी थांबते. त्यापुढे नळी.

बारकीच्या टाळूचा साचा फळीवर होता. आत्या खोलीत गेली आणि कामाला लागली, मी बारकीला घेऊन दारात बसले. तिचे हात मी कधी एवढे भराभर चालताना पाहिले नव्हते, आणि तोंड मिटलेलं, डोळे खाली. तिने फटीच्या खाचा मेणाने भरल्या, वर गुलाबी मिश्रण थापलं, कडा कापल्या. पोटावरून कापूस ओढला. एक कण होता तो सुईने काढला. पुन्हा कापूस ओढला, धागा अडकला नाही. मग ती चाकापाशी गेली, बटणाला हात लावला, आणि तिथेच थांबली.

तिने शिकाऊ मुलीला हाक मारली. पाठ तू कर, म्हणाली. आणि झाली की मला दाखवू नकोस, सरळ आत ने.

मग ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली. दोन्ही हात मांडीखाली घातले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीने बसावं तशी. आत चाक सुरू झालं. ऊन कलून बोळात आलं होतं आणि त्या उन्हात तिच्या अंगावरची पांढरी धूळ तरंगत होती. समोरच्या बाकावर तोंड आलेली एक मुलगी ओठ दुमडून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं हा बोळ, ही घरघर, ही कोमट दुपार कधी संपणारच नाही, आणि संपू नये असंही वाटलं, कारण संपलं की कळणार होतं.

आत्या हळूच म्हणाली, "ते स्वप्न पडत नाही गं आता मला. बारकी झाल्यापासून. वर बघायचं धाडसच होत नाही."

मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. माझ्या निळ्या बाहीवर पांढरा डाग पडला.

चाक थांबलं. मुलगी रुमालात झाकून प्लेट घेऊन आत गेली, आम्ही मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी प्लेट बसवली, बोटाने क्षणभर दाबली आणि सोडली. बारकीने तोंड वाकडं केलं, पहिल्यासारखंच. आत्या जागची हलली नाही. मी बाटली धरली. बारकीने एकदा ओढलं, थांबली, जणू काही ऐकतेय. पुन्हा ओढलं. आणि मग तो आवाज आला. चुक, चुक, आणि मध्ये गिळल्याचा. ज्यांची मुलं पितात त्यांना तो ऐकूसुद्धा येत नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी नाकाकडे बघत होते. नाक कोरडं होतं.

मी आत्याकडे वळले. ती छताकडे बघत होती, तोंड किंचित उघडं. निघून गेली होती. वडील असते तर म्हणाले असते, उतरा खाली. मी म्हटलं जाऊ दे तिला.

वजन भरलं, आणखी प्लेटा झाल्या, त्यांची पाठ आत्या करायची की ती मुलगी हे मी विचारलं नाही. टाळू शिवली. बारकी बोलायला लागली ती थांबायचं नाव घेईना, सासूबाई म्हणायच्या हिला प्लेटच बरी होती. आत्या निवृत्त झाली. आता ती स्वच्छ दिसते, भुवया मात्र पांढऱ्याच राहिल्या.

मध्ये आम्ही तिच्याकडे गेलो होतो. बारकी आता शाळेत जाते, आणि जिथे जाईल तिथे आधी खिडक्या तपासते. आत्याच्या खिडकीत तिला एक बशी सापडली आणि बशीत ती चकचकीत प्लेट, दोऱ्यासकट. तिने तिची गोष्ट शंभरदा ऐकलेली, तिला लगेच कळलं. प्लेट तळहातावर घेऊन ती आत्याकडे पळत आली.

"आजी, हे माझं होतं?"

आत्याने प्लेट तिच्या हातावरच उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझं तुझ्या तोंडात बसलं होतं. हे माझं."

बारकीला काही ते पटलं नाही. तिने करंगळी एका बाजूवरून फिरवली, मग दुसरीवरून, आणि खूश होऊन म्हणाली, किती मऊ आहे, दोन्हीकडून. आणि हसायला म्हणून तिने तोंड पुरतं उघडलं. आत्याने वाकून आत पाहिलं, शिवणीची बारीक रेघ जिथे आहे तिथे, आणि बराच वेळ पाहत राहिली.